धार काढून बघा

सदर बाईचे नाव सारजा, राहणार बावडा, तालुका इंदापूर. हयात अपत्य निरंक, वर्तणूक उद्धट. हा दाखला तिची सासू द्वारकाबाई कुणी न मागताही देत असे.

सारजाचे दोन्ही मुलगे रक्त न थांबून गेले. थोरला तर कान टोचले तेव्हाच. त्र्याण्णव साली बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आईकडून मुलग्यांत उतरतो, आणि तिच्या बहिणीतही असू शकतो. द्वारकाबाईंनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं आणि लेकाला दुसरी बायको करायचं ठरवलं. रिवाजाप्रमाणे घरातलीच बरी, म्हणून सारजाची धाकटी बहीण मनिषा.

बोलणी करायला पणदऱ्याहून दोघी बहिणींचे वडील तात्याबा आले, तेव्हा सारजा बैठकीतच येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, आमी दोघी एकाच आईच्या. आधी तिचं रगात तपासा."

"तोंडावरनं दिसतंय की, पोरगी निरोगी हाय. तुझ्यासारखी न्हाय."

"म्हस घेताना तोंड बघता व्हय? धार काढूनच घेता न्हवं?"

"जीभ हासडीन तुझी, सटवे!"

तात्याबा चहा न घेताच उठले आणि पुढच्या आठवड्यात मनिषाला पुण्याला घेऊन गेले. तिच्या रक्तातही तोच दोष निघाला आणि सोयरीक मोडली.