नायक राणेची गाडी आणि माझा इंटरव्ह्यू

इंटरव्ह्यू सकाळी अकराला होता. आदल्या दिवशी चार वाजता मी रेकी करून आलो. पूनम सागरला आमच्या घरापासून काशीगावच्या त्या शाळेपर्यंत रिक्षाने पंचवीस मिनिटं, ट्रॅफिक धरून चाळीस. गेट कुठलं, ऑफिस कितव्या मजल्यावर, सगळं बघून घेतलं. माझी मुलगी मनाली म्हणाली, "बाबा, नोकरीला चाललाय की हल्ला करायला?"

हसा. पण पेन्शनीला येणाऱ्या जवानांनो, रेकी कराच. इंटरव्ह्यूतली तेवढी एकच गोष्ट आपल्या हातात असते.

फौजेत तीस वर्षं मी गाड्या चालवल्या आणि चालवून घेतल्या. सुभेदार होऊन रिटायर झालो. शाळेला अठरा बसगाड्यांसाठी ट्रान्सपोर्ट इनचार्ज हवा होता. त्याआधी मी चार ठिकाणी जाऊन आलो होतो. तीन ठिकाणी वॉचमनचा युनिफॉर्म पुढे केला. चौथ्या ठिकाणी वय विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. दीड वर्ष घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. मला ही नोकरी पाहिजेच होती.

मनाली बँकेत आहे, असले इंटरव्ह्यू देऊनच लागलेली. तिने माझी तयारी घेतली. पहिला प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. मी ताडकन उभा राहून नंबर, रँक, नाव सांगितलं. "अहो, बसा! कोर्ट मार्शल नाहीये!" दुसरा प्रश्न, तुमचा वीकनेस काय? मी म्हटलं, उजवा गुडघा. तिने कपाळावर हात मारला. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? अरे, पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःला कुठे बघणार? आरशात! वर 'आम्ही केलं' म्हणायचं नाही, 'मी केलं' म्हणायचं. तीस वर्षांत एकही काम मी एकट्याने केलेलं नाही, पण सांगायचं मात्र तसं.

"आणि ॲक्सिडेंटचं विचारलं तर क्लीन रेकॉर्ड म्हणा, विषय संपवा," ती म्हणाली. कागदावर माझं रेकॉर्ड क्लीनच होतं. मी हो म्हटलं.

दहा वीसला पोचलो. अकराचा इंटरव्ह्यू बारा पन्नासला सुरू झाला. एक तास पन्नास मिनिटं उशीर, आणि सॉरी म्हणायची कुणाला गरज वाटली नाही. समोर एचआरची एक तरुण मॅडम आणि शाळेचे ट्रस्टी. ट्रस्टी हिंदीत बोलत होते. डिझेल, ड्युटी चार्ट, ड्रायव्हरच्या रजा, सगळं नीट झालं. मग त्यांनी चष्मा काढला.

"सुभेदार साहब, आपके हाथ के नीचे कभी एक्सिडेंट हुआ?"

मनालीचं उत्तर तोंडात तयार होतं. खिडकीतून खाली केजीची मुलं बसमध्ये चढताना दिसत होती. बाई एकेकाला उचलून आत ठेवत होत्या.

"हुआ," मी म्हणालो. आणि सांगितलं.

डोंगरातली पोस्टिंग होती. तेव्हा मी हवालदार होतो. अकरा गाड्यांचा कॉन्व्हॉय रेशन घेऊन वर न्यायचा होता. निघायची वेळ पाच तीस. पाच वीसला तीन नंबर गाडीचा ड्रायव्हर, नायक गोविंद राणे, माझ्याकडे आला.

"उस्ताद, ब्रेक दाबला की पार खाली जातोय. बघून घेऊ?"

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

उशीर झाला की साहेबांची बोलणी मला बसायची. मी म्हणालो, "वर पोचल्यावर बघू. हळू घे."

"ठीक आहे, उस्ताद."

मी पहिल्या गाडीत होतो. सात चाळीसला मागून वायरलेस सेटवर आवाज आला. "तीन नंबर खड्ड में है. ओव्हर."

"फिर से बोलो. ओव्हर."

"तीन नंबर खड्ड में है. ओव्हर."

वळणावर राणेची गाडी दरीत गेली होती, तो वाचला नाही. रस्त्याची कड खचली होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत तेच लिहिलं गेलं. ब्रेकचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाडी कडेमुळे गेली की ब्रेकमुळे, मला आजही माहीत नाही. बारा वर्षं हे मी बायकोलाही बोललो नव्हतो.

ट्रस्टींनी चष्मा परत लावला. "यहाँ ड्रायवर बोला ब्रेक ढीला है, तो?"

"बस नहीं निकलेगी."

"पेरेंट्स चिल्लाएंगे. मैं खुद फोन करूंगा."

"करो साहब. नहीं निकलेगी."

 घरी येऊन हे सगळं सांगितलं तशी मनाली उसळली. "बाबा! तेवढंच सांगू नका म्हटलं होतं ना!" मग समोर येऊन बसली. म्हणाली, "कसे होते ते ड्रायव्हर?"

मी सांगितलं. राणे संगमेश्वरकडचा. थंडीत आधी इंजिन गरम करायचा, मग स्वतः चहा प्यायचा. घरून आलेली आमसुलं लंगरच्या, म्हणजे आमच्या मेसच्या, डाळीत टाकून पंजाब्यांना खायला लावायचा. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मनाली ऐकत बसली. 

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "काँग्रॅच्युलेशन्स सर! सोमवारपासून या. तुमचा तो ॲक्सिडेंटवाला आन्सर सरांना खूप आवडला. बेस्ट आन्सर होता, सर."

बेस्ट आन्सर! डोक्यात तिडीक गेली. दीड वर्ष जिच्यासाठी चपला झिजवल्या ती नोकरी मिळाली, आणि मिळाली ती राणेच्या मरणावर. फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पण त्या पोरीचा काय दोष? इंटरव्ह्यूत मीच नुसतं 'ड्रायवर' म्हणालो होतो.

"मॅडम, त्याचं नाव नायक गोविंद राणे."

"कोणाचं, सर?"

"ड्रायव्हरचं."

"ओके, सर. येताना दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स आणा."

आणतो म्हणालो. गोविंद एकतीस वर्षांचा होता.