मनोरीच्या खाडीतली नाळ

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. आमची कंपनी मार्व्याला कॅम्पवर होती, मी प्लाटून हवालदार. पाचला पीटी, सहाला चहा, मग फील्डवर्क. त्या सकाळी मनोरीची खाडी ओहोटीत पायी ओलांडायचा सराव होता. अमावास्या आदल्याच दिवशी झालेली.

लेफ्टनंट साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. नकाशा इंग्रजांच्या काळातला. खाडीच्या मध्यावर वाळूचा पट्टा दाखवला होता.

"सातला ओहोटी. साडेआठपर्यंत पार."

लान्सनाईक तांडेल पुढे आला. खारदांड्याचा कोळी, कमी बोलणारा.

"सर, आज उधाण आहे. इथे पाणी समोरून येत नाही. पाठची नाळ, म्हणजे चिखलातली खोल घळ, आधी भरते, मग पट्ट्याचं बेट होतं."

"नकाशात नाळ नाही."

"नकाशात नाही, सर. खाडीत आहे."

साहेब माझ्याकडे वळले. "हवालदार?"

तांडेल खरं बोलतोय, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "हुकूम, सर."

ट्रक उशिरा आले. निघायला आठ वाजले. आम्ही अठ्ठावीस जण होतो. पोटरीभर चिखल, वर धुकं. साडेआठला पट्ट्यावर पोचलो आणि मी मागे पाहिलं. आमच्या पावलांच्या खुणा पाण्याखाली गेल्या होत्या. कसलाही आवाज झाला नव्हता.

सिग्नलर शिंदेनं वायरलेस सेट उघडला. "बेस, पाणी मागून येतंय. होड्या पाठवा. ओव्हर."

"मागून? पुन्हा सांग. ओव्हर."

साहेबांनी नकाशा घडी करून खिशात घातला. म्हणाले, "तांडेल, तू ने."

तांडेलनं रायफलींचे पट्टे जोडून दोर केला. "बूट काढा. माझ्या पाठी, एका रांगेत." पाणी छातीला लागलं, पण पाय टेकत होते. मनोरीच्या काठावर मी माणसं मोजली. सत्तावीस. शिंदे मधेच चिखलात रुतला होता, पाठीवर सेट. तांडेल परत वळला.

"सेट सोड रे, शिंदे!"

शिंदे दोराला धरून आला. तांडेल आला नाही. दुपारी कोळ्यांच्या होडीला तो तिवरांत सापडला.

चौकशीत लेफ्टनंट साहेब म्हणाले, "चूक माझी." माझी चूक कोणी विचारली नाही, मीही सांगितली नाही. पुढे अकरा वर्षं मी रिक्रूटांना नकाशावाचन शिकवलं. कागद हातात देण्याआधी म्हणायचो, तिथल्या माणसाला विचारा.

तेव्हा खारदांड्याला तांडेलचं सामान पोचवायला मीच गेलो. त्याच्या वडिलांनी पाणी दिलं. मग एकच विचारलं, "त्यानं सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली. लान्सनाईक गणपत तांडेल. वय चोवीस.