नऊ वेळा "आलोच"

मंडळी, मुलांना घरीच शिकवणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

माझं इस्लामपुरात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. अकरा वर्षांच्या लेकीला, स्वरालीला, आम्ही वर्षभर घरी शिकवतोय. मी निवडलेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक धडा आधी पालकाने वाचायचा, मग मुलाला समजावायचा. दुकान सांभाळून ते जमत नव्हतं, पण कबूल कोण करतो?

आज सकाळी ती अपूर्णांकांचं पुस्तक घेऊन दुकानात बसली होती. माझ्यापुढे जळालेली मोटर, शेजारी तिचा खोळंबलेला मालक. मी पोरीला म्हणालो, "आलोच."

तासाभराने तिने वही पुढे केली. पानावर नुसत्या उभ्या रेघा. "आप्पा, तुमी नऊ वेळा आलोच म्हणलाय."

मोटरवाला हसला. "तुझ्यावरच गेलीय गड्या! एक बी वेढा चुकवत न्हाई."

मी ओशाळलो. तिने विचारलं, "तुमाला वाइंडिंग कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. जळकी मोटर सोडवली, तारेचे वेढे मोजले, शिकलो."

"मग मला पण माझं मला कळंल असं पुस्तक द्या की."

दुपारी तसाच पुस्तकांचा संच मागवला. मुलीनेच वाचायचं, सोडवायचं, उत्तरं मागच्या पानावर ताडून बघायची. अडलेलं मी सांगणार, रोज सकाळी सात ते साडेसात, फोन बंद ठेवून.

स्वतःचं स्वतः शिकल्याचा अभिमान मी आयुष्यभर मिरवला. पोरीला मात्र माझी वाट बघायला बसवलं.

तुमच्या घरी आज किती रेघा झाल्या?