श्रीपादरावांचा नोव्हेंबर

श्रीपादराव वर्तकांच्या देवघरात दोन पळ्या आहेत. एक पूजेची आणि दुसरी व्हिनेगरची. जेवायला आलेल्या पाहुण्याने पानावर बसण्याआधी उजवा तळहात पुढे करायचा. श्रीपादराव एका बुटक्या, गोलमटोल बाटलीतून पळीत घेतलेले दोन थेंब त्या तळव्यावर सोडणार आणि तीर्थ दिल्यासारखा चेहरा करून समोर उभे राहणार. पाहुणा काय म्हणतो हे ऐकल्याशिवाय त्या घरात पोळी वाढली जात नाही.

मी दीनानाथ. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करणारी एक कंपनी आहे. तिथे गेली सोळा वर्षं आमची टेबलं शेजारीशेजारी. कंपनांची चाचणी घेणारं जे मोठं यंत्र आहे ते आम्हा दोघांनाच चालवता येतं, त्यामुळे एक रजेवर गेला की दुसऱ्याने हजर राहायचं, हा आमच्या विभागाचा नियम. श्रीपादराव माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, मूळचे पुण्याचे, बोलणं कमी. जर्मनीत तीस वर्षं काढून जर्मनांची एकच सवय त्यांनी मनापासून उचलली. दर दुसऱ्या वाक्याला ‘गेनाऊ’ म्हणायचं, म्हणजे ‘अगदी बरोबर’. समोरचा त्यांना मूर्खात काढत असला तरी ते ‘गेनाऊ’च म्हणतात.

व्हिनेगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चायनीजच्या गाडीवरची, मिरच्या बुडवलेली बाटली येते. हे तसलं नाही. इटलीतल्या मोदेना गावाकडे द्राक्षांचा रस काकवीसारखा आटवतात, आणि मग वर्षानुवर्षं तो मोठ्या पिंपातून लहान पिंपात, त्यातून आणखी लहान पिंपात सरकवत नेतात. प्रत्येक पिंपाचं लाकूड वेगळं. वर्तकांकडे असतं ते पंचवीस वर्षं मुरलेलं. सुपरमार्केटात बाल्सामिको म्हणून मिळतं ते त्यांच्या लेखी रंगवलेलं पाणी, आणि तसं ते दुकानातल्या बाईलाही सांगून आलेले आहेत. पंचवीस वर्षांचं ते व्हिनेगर उकडलेल्या बटाट्यावर, चीजवर, क्वार्क या इथल्या चक्क्याच्या श्रीखंडावर, जमेल तिथे थेंब थेंब घालून त्यांनी पाहिलं. थालीपिठावर मात्र ते वाया गेलं, आणि हेही त्यांनी प्रामाणिकपणे सगळ्यांना सांगितलं.

खरं सांगायचं तर ते अप्रतिम लागतं. आधी गोड, मग आंबट, मग घशाशी जुन्या लाकडाचा वास, आणि तो बराच वेळ जातच नाही. पण मी त्यांना असं एकदाही म्हणालो नाही. मी म्हणायचो, चिंचगुळाचा कोळ आहे की हा. ते म्हणायचे, गेनाऊ, पंचवीस वर्षांचा.

ही बाटली आणायला ते आणि सरलावहिनी दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर चार दिवस मोदेनाला जातात. तेव्हा तिथे कुत्रं फिरकत नाही. दिवसभर धुकं आणि पाऊस, निम्मी दुकानं बंद. ठरलेल्या छोट्या हॉटेलात ही दोघंच, म्हणून मालकीण त्यांच्या मजल्यापुरतं हीटिंग लावते आणि आपल्याच टेबलावर जेवायला बसवते. पहिल्या वर्षी पावसात आडोसा शोधत ती दोघं एका घराच्या दारात उभी राहिली. त्या घरातल्या म्हातारीने त्यांना वर माळ्यावर नेलं, पिंपांची रांग दाखवली आणि चमच्याच्या टोकावरून एक थेंब चाखवला. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपं भरायची अशी त्या भागात रीत आहे, हेही तिनेच सांगितलं. तेव्हापासून बाटली त्याच घरची. तिथल्या दगडी कमानींखाली दोघं हातात हात घालून फिरतात. स्टुटगार्टात मात्र श्रीपादराव बायकोच्या तीन पावलं पुढे चालतात. तिथला हातात हात घातलेला एक फोटो मी पाहिला होता, त्यावरून मी त्यांना वर्षभर चिडवत असे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची दिवाळी हॉल मिळेल तेव्हा असते. यंदा ती डिसेंबरात पडली. मला नकला बऱ्या जमतात आणि टाळ्यांची चटक आहे, म्हणून कार्यक्रमात माझी पंधरा मिनिटं ठरलेली. यंदा मी श्रीपादरावांना घेतलं. पळी घेतली, खांदे पाडले, दर वाक्याला गेनाऊ म्हटलं. हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. मग जीभ सैल सुटली. बाटली वर धरून मी म्हणालो, “पंचवीस वर्षांची झाली हो आमची, आता हिच्यासाठी स्थळ बघायला घेतलंय.” टाळ्या पडल्या. आणखी हव्या होत्या, म्हणून पुढचं बोललो. “आम्ही नोव्हेंबरातच का जातो? हॉटेल रिकामं, भाडं निम्मं, आणि धुक्यात बायकोचा चेहराही दिसत नाही. याला म्हणतात ऑफ-सीझन रोमान्स.”

सरलावहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. त्या हसत होत्या, पण टाळ्या वाजवायला उचललेले हात त्यांनी मांडीवर परत ठेवले ते मला रंगमंचावरून दिसलं. श्रीपादराव समोर बघत होते. जेवणाच्या रांगेत दोघंही नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडीत नीता, माझी बायको, एवढंच म्हणाली, की स्थळाचं बोलायला नको होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्तकांना मूलबाळ नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, बोलताना आठवलं नाही इतकंच. पण न आठवणं हेही काही कमी वाईट नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी श्रीपादरावांनी नेहमीसारखं गुटेन मोर्गेन केलं, नेहमीसारखं यंत्र सुरू केलं. मी आठवडाभर संधी शोधत राहिलो आणि प्रत्येक वेळी यंत्राच्या आवाजाचं निमित्त करून टाळत राहिलो. शेवटी रविवारी दुपारी, फोन न करता, त्यांच्या घरी गेलो.

सरलावहिनींनी चहा टाकला. काय बोलायचं ते मी ट्रेनमध्ये दोनदा घोकलेलं होतं. म्हणालो, त्या स्थळाच्या विनोदाबद्दल मला माफ करा, मी फार हलकट बोललो. वहिनींनी आधी श्रीपादरावांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, त्यात काय, आम्ही घरात तसंच बोलतो. बाटली उघडताना हे मला विचारतात, काय, मुलीला सासरी पाठवायची ना?

मला इतकं हलकं वाटलं की मी बिस्किट उचललं. श्रीपादराव म्हणाले, झालं ना, आता चहा घे. पण वहिनी बोलायच्या थांबल्या नव्हत्या.

“नोव्हेंबरचं बोललात ते मात्र लागलं, भाऊजी. दुसरं कुणी बोललं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुम्हाला तर माहीत होतं आम्ही नोव्हेंबरात का जातो.”

माझ्या ओठांवर ‘का?’ आलं होतं. ते मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. बरं झालं गिळलं, कारण पुढचं त्याच बोलत गेल्या.

वहिनी एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करतात. ती बालवाडी ऑगस्टमध्ये तीन आठवडे बंद असते आणि सगळ्यांची बहुतेक रजा त्यातच संपवली जाते. हे मला माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी माझा तनय पहिलीत गेला. जानेवारीत आमच्या विभागात वर्षभराच्या रजांची यादी फिरते. त्या वर्षी मी तिच्यात अख्ख्या ऑगस्टवर आपलं नाव टाकलं. शाळेत जाणारी मुलं असलेल्यांनी आधी निवडायचं असा इथला रिवाजच आहे, म्हणून कुणाला विचारायचं मला सुचलंही नाही. माझी रजा म्हणजे श्रीपादरावांची हजेरी. ते संध्याकाळी घरी जाऊन वहिनींना म्हणाले होते, की दिनूला पोराला घेऊन ऑगस्टमध्येच भारतात जाता येणार, आपण बघू काहीतरी. त्याआधी ही दोघं दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जात असत. त्यानंतर वहिनींची ऑगस्टची रजा घरात एकटीने बसून जायची. वर्षातले त्यांचे चार दिवस उरत, ते त्यांनी नोव्हेंबरात टाकले. जे उरलं त्याचाच त्यांनी सण केला.

आणि आमच्या त्या ऑगस्टात आमच्या बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला कोण येत होतं? सरलावहिनीच. दोन स्टेशनं ओलांडून, एक दिवसाआड. मी नीताला म्हणायचो, त्यांना सुटीच तर असते. तनयची शाळा संपून दोन वर्षं झाली, तो आता वसतिगृहात राहतो, तरी यादीत ऑगस्टवर माझंच नाव आहे, सवयीने.

“तुम्ही दरवर्षी पुण्याहून बाकरवडी आणता,” वहिनी म्हणाल्या. “मी ह्यांना म्हणायची, बघा, दिनूभाऊजी बोलून दाखवत नाहीत, पण ऑगस्टची आठवण ठेवतात.”

बाकरवडी झाडांच्या पाण्याबद्दल असायची. विमानतळावर घेतलेली.

उचललेलं बिस्किट मी बशीत परत ठेवलं. चौदा वर्षं या बाईने आपल्या मनात माझ्याबद्दल एक समजूत करून ठेवली होती. मी घेतो आहे ते मला कळतं, अशी. तिच्या जोरावर तिने चौदा उन्हाळे काढले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

“माहीत होतं ना, भाऊजी?”

नाही म्हटलं असतं तर मी खरं बोललो असतो आणि कदाचित थट्टेच्या दोषातूनही सुटलो असतो. अजाण माणसाला काय बोल लावणार? पण मग ते चौदा ऑगस्ट कुणालाच दिसले नव्हते असं झालं असतं. हो म्हटलं तर मी सगळं जाणून वर चेष्टा करणारा ठरत होतो. आजवर मी स्वतःला निदान खरं बोलणारा समजत आलो होतो.

“हो,” मी म्हणालो. “माहीत होतं. टाळ्यांच्या नादात बोलून गेलो. चुकलो.”

वहिनींचा चेहरा मोकळा झाला. त्या श्रीपादरावांना म्हणाल्या, मी म्हणत नव्हते का, थट्टेच्या भरात जातं एखादं तोंडून, मनात तसं नसतं माणसाच्या. मग मला जेवूनच जा म्हणाल्या. मी काहीतरी कारण काढून उठलो. त्यांनी मला माफ केलं होतं, आणि ज्या माणसाला केलं तो तिथे बसलेलाच नव्हता.

श्रीपादराव स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी उद्याच्या चाचणीचं विचारलं, मी काहीबाही सांगितलं. आम्ही फलाटावर आलो. ट्रेन यायला दोन मिनिटं असताना ते रुळांकडे बघत म्हणाले,

“तिला हो म्हणालास ते बरं केलंस, दिनू. तुझ्या ते लक्षातच आलेलं नाही, हे मला तर पहिल्या वर्षापासूनच ठाऊक आहे.”