न हंबरणारा बैल

आमचे हे नालबंद. कलघटगीच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर चिंचेखाली त्यांचं काम चाले. बैलाला दोरखंडाने आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना नाल ठोकायचे. दुसरे नालबंद बैलाचं तोंडही आवळून बांधत. ह्यांनी कधी बांधलं नाही. खिळा जिव्हारी, खुरातल्या जिवंत मांसाकडे, जाऊ लागला की बैल हंबरतो, आणि ह्यांचा हातोडा हवेतच थांबतो. माझं बोलणं मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. मी बैल असते तर बरं झालं असतं, असं मी तोंडावर म्हणत असे.

ब्रह्मदेशातल्या लढाईत पलटणीला खेचरांसाठी नालबंद हवे होते. हे हुबळीला जाऊन परस्पर भरती होऊन आले. "बंदूक धरायची नाही, खूर धरायचे आहेत," म्हणाले. तिकडून परतले ते धडधाकट. मी देवापुढे साखर ठेवली.

पण काही केल्या हातोड्याला हात लावीनात. घरातली ज्वारी तळाला गेली, तेव्हा मीच एका ओळखीच्या शेतकऱ्याला बैलजोडी घेऊन यायला सांगितलं.

पहिला बैल पाडला. गरीब जनावर, मुकाट पडून राहिलं. ह्यांनी एक खिळा ठोकला, दुसरा ठोकला, आणि एकदम हातोडा फेकून बैलाचा गळा चाचपू लागले. "ओरड! ओरड की रे!" म्हणून त्याच्या कानाशी किंचाळत होते. कधी आवाज चढवून बोलणारं माणूस नव्हे ते.

"अण्णा, एनाय्तु? काय झालं?" शेतकरी घाबरला.

"ह्याचा गळा कापलाय काय?" ह्यांनी विचारलं.

मग तिथेच मातीत बसून सांगू लागले. रानात शत्रूला चाहूल लागू नये म्हणून खेचरांना बेशुद्ध करून त्यांच्या घशातला आवाज कापून टाकत. मग हे नाल ठोकत. खिळा जिव्हारी गेला तर खेचर नुसतं तोंड उघडी. खुरावर नजर असलेल्या माणसाला ते कळणार कसं? कितीतरी लंगडी झाली. लंगडं झालेलं चढणीवर सोडून पुढे जायचं.

"कापायचं कोण?" मी विचारलं.

"डॉक्टर. गुंगी चढेपर्यंत डोकं मी धरायचो. माझ्या हाताखाली ती शांत राहायची."

ह्याच हातांनी! मी उठले आणि चिंचेला बांधलेला दुसरा बैल सोडून ओढ्याकडे नेऊ लागले. जोडीदार लांब जातोय हे पाहताच पाडलेला बैल असा हंबरला की झाडावरचे कावळे उडाले.

वळून पाहिलं. हे त्याच्या गळ्यावर हात ठेवून रडत होते. बऱ्याच वेळाने ठोकल्याचा आवाज आला.

"ह्याला परत आणू का?" मी ओढ्यावरून ओरडून विचारलं.

"नको," हे म्हणाले. "अजून ओरडू दे त्याला."