तारीखरावांचं शेवटचं प्रकरण

वकिलीच्या काळात तारीखरावांनी एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे पुढची तारीख मागणं. कधी घसा बसलेला, कधी कागद घरी राहिलेले. बार रूममध्ये त्यांना हे नाव पडलं ते काही उगाच नाही. धाकट्या भावाच्या बायकोच्या घराचा दावाही त्यांनी असाच लोंबकळत ठेवला. नवरा गेलेली ती बाई कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून बसून त्या बाकाचीच एक फळी झाली. शेवटी पुकारा झाला, तेव्हा वकीलसाहेब कॅन्टीनमध्ये चहा पीत होते. निकाल एकतर्फी लागला. घर गेलं.

पुढे वकिलीनंच त्यांना सोडलं, आणि ते कोर्टातल्या थरारक कादंबऱ्या लिहू लागले. त्यांचा नायक टेबलावर मूठ आपटायचा आणि साक्षीदार घडाघडा खरं बोलायचे. जन्मात उलटतपासणीत "तुमचं नाव काय?" यापलीकडे मजल न गेलेल्या माणसावर वाचक लट्टू!

भावजय पूर्वी रेडिओवर निवेदिका होती, आता ऑडिओबुकं वाचायची. नवी कादंबरी तिच्याच आवाजात हवी, हा तारीखरावांचा हट्ट. काम म्हणून तिनं घेतलीही. स्टुडिओत पुस्तक रेकॉर्ड करत करत शेवटच्या प्रकरणाशी आली आणि थबकली. तिचंच घर, तिचाच दावा. फक्त इथे नायक तो दावा जिंकतो आणि भावजय त्याच्या पाया पडते, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून माझं घर वाचलं!"

हे आपल्या तोंडून लोकांच्या कानात गेलं, की तेच खरं होऊन बसणार.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टशेजारी तारीखराव ऐसपैस बसले होते. "अगं, आवाजात जरा रडू आण!"

तिनं हेडफोन काढला. "भाऊजी, घसा बसलाय. पुढची तारीख द्या."

पुढच्या खेपेला चष्मा घरी राहिला. त्यानंतर पानंच सापडेनात.

"काय पोरखेळ लावलायस? लोक खोळंबलेत!"

"असं कसं, घाई केली की काम बिघडतं, तुम्हीच म्हणायचात."

"ते कोर्टात गं!"

"हो ना. तिथे नुसतं घर होतं. हे तर साहित्य!"

"दुसरी बाई आणीन मी!"

"आणा की. शेवटच्या पानाला बाईचा आवाज बदलला, की ऐकणारे विचारतील, पहिलीला काय झालं? मग सांगा त्यांना."

तारीखरावांचं तोंड एवढंसं झालं. "मग तुला हवंय तरी काय?"

"ते ‘माझं घर वाचलं’ वाक्य काढा. मी आत्ता बसते वाचायला."

रेकॉर्डिस्टनं गुपचूप पेन पुढे केलं. तारीखरावांनी ते घेतलं, कागदावर टेकवलं, उचललं, खाकरले.

"असं करू," ते म्हणाले, "जरा विचार करतो. पुढच्या आठवड्यात बघू."

"घ्या तारीख," ती म्हणाली. "पण या वेळी बाहेरच्या बाकावर तुम्ही बसा."