विनी टॉर्डॉफ आणि हॅगथॉर्पचं बंद दार

दार खोटं असेल, तर त्याचा उंबरा झिजेल का? सांगा की!

हॅगथॉर्पच्या जहागिरीतलं अष्टकोनी ग्रंथालय तुम्ही येता-जाता पाहिलंय. हवेलीकडे खांबांचा थाट, आपल्या गावाकडे बंद दार. बाहेरून ना कडी, ना कुलूप. मालकांचे कारभारी मिस्टर पिकरिल म्हणतात, हे दार नुसतं शोभेचं. पुढे एक आहे म्हणून मागे एक, जोडी जुळवायला. म्हणजे इमारत गावासाठी कधी नव्हतीच, आणि ती लग्नांसाठी भाड्याने दिली तर गावाचं काहीच जात नाही!

जातं. विनी टॉर्डॉफचं जातं.

विनीने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले. लहानपणी अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे नाचायची, म्हणून मास्तरांनी तिला मागच्या बाकावर टाकून दिलं. वाचायला ती शिकली लग्नानंतर, पोरं झाल्यावर, याच घुमटाखाली. म्हाताऱ्या मालकीणबाई दर गुरुवारी गावाला खांबांकडच्या दाराने आत घ्यायच्या. घुमटाच्या माथ्यावर काचा आहेत, त्यामुळे उजेड वरून सरळ पानावर उतरतो. "इथं अक्षरं गप बसतात," विनी म्हणते. तोच गुरुवार आता बंद होणार.

भाड्याला परवानगी द्यायची की नाही, हे गावची परिषद ठरवणार, म्हणून परवा तिची मंडळी पाहणीला आली. अध्यक्ष मिसेस ड्यूर्डन. विनीने त्यांना हाताला धरून मागच्या उंबऱ्यापाशी नेलं. दगड मधोमध खोलगट, बशीसारखा.

"बघा बाई! पाय पडल्याशिवाय दगड असा होतो?"

पिकरिल गोड हसला. "विनीबाई, दर शुक्रवारी हा उंबरा घासतं कोण?"

"आम्हीच की! माझी आई घासायची, तिची आई घासायची. गावाकडचा उंबरा मळका ठेवायचा? लाज नाही वाटणार?"

"मग झालं. तुम्हीच घासून घासून झिजवलाय."

मंडळी हसली. माझं डोकं सणकलं! आमच्या बायका पिवळ्या दगडाने उंबरे घासतात, गुडघे सोलून निघेपर्यंत. आणि हा सुटाबुटातला बाप्या तोच घाम आमच्यावर उलटवतो? मी तोंड उघडणार, तेवढ्यात विनीच गरजली, "आत चला सगळे!"

आत त्या दाराच्या जागी जमिनीपासून सज्ज्यापर्यंत पुस्तकंच पुस्तकं. पिकरिलने हात पसरले. "बघा, इथे दार कुठंय?"

विनी कपाटापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या कपाटातलं एकच पुस्तक मी ओढून पाहिलं, ते कधी निघालं नाही. हे लाल. मला वाटायचं, ओलीनं फुगून अडकलंय."

"अगं, मग राहू दे ना," मी म्हटलं. "पडशील!"

"इतकी वर्षं राहूच दिलं, बये. आज बघतेच!"

तिने लाल पाठीला दोन्ही हातांनी धरलं, पाय शेजारच्या भिंतीला रोवला आणि हिसका दिला. पुस्तक नाही आलं. अख्खं कपाट आलं! धूळ, जाळी, मेलेल्या माश्या. त्या पुस्तकांना पानंच नव्हती, नुसत्या चामड्याच्या पाठी फळीला चिकटवलेल्या. मागे भिंतीच्या जाडीत माणूसभर अंधार, आणि पलीकडे लाकडी दार. त्याला आतून हातभर लांब लोखंडी अडसर!

"शोभेच्या दाराला अडसर कशाला हो, साहेब?" विनी किंचाळली. "शोभा पळून जाईल म्हणून?"

मिसेस ड्यूर्डन स्वतः पुढे झाल्या. दोघींनी मिळून अडसर ओढला. दार कुरकुरत बाहेर उघडलं आणि समोर आपला चौक. बाकावर बसलेला म्हातारा सेथ, विनीचा नवरा, तोंडातला पाईचा घास तसाच ठेवून बघतच राहिला.

"विनी! तू भिंतीतून आलीस?"

"दारातून आले, खुळ्या!"

आम्ही सगळे ओरडत होतो. मी तर रडतही होते. कुणी विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणेन.

पिकरिल कपडे झटकत म्हणाला, "असेल नोकरांचं दार. त्याने काय सिद्ध होतं?"

विनीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "नोकर कुणाच्या घरचे होते रे? आमच्याच ना?"

निकाल मंगळवारी संध्याकाळी, परिषदेच्या सभागृहात. पिकरिल वकील आणणार आहे. विनी बोलणार आहे, आणि गर्दीपुढे तिची बोबडी वळते हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून घरात बसून शाबासकी देऊ नका. मंगळवारी या, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.